‘अभंग तुकयाचे’ : एकच निवडायचा तर?

लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळच्या भातखाचरांमधून वाहत देहूला पोचते आणि पुढे आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेस मिळते. या नदीच्या काठावर सतराव्या शतकात रचल्या गेलेल्या अभंगांपैकी काही निवडक अभंग संगीतकार श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि लता मंगेशकर यांनी गायिले. ‘अभंग तुकयाचे’ या नावाची ती ध्वनिमुद्रिका मराठी घराघरांत पोचली. आधी तबकडी, मग कॅसेट, नंतर सीडी आणि आता मोबाइल अशी तिची रूपे बदलत गेली; पण रसिकांच्या गप्पांत निघणारा एक प्रश्न मात्र बदलला नाही. यांतला सर्वांत आवडता अभंग कोणता?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांनाही तो छळतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधील गाणी एकमेकांत मिसळत जातात. त्यांतले एक उचलले की त्याच्या मागचे-पुढचे तुटते. एका सूत्रात ओवलेल्या कोणत्याही गीतसंग्रहाची हीच अडचण असते. ‘अभंग तुकयाचे’मध्ये तर गाणी एका जीवनातून आलेली आहेत. एक अभंग निवडणे म्हणजे त्या जीवनातील एक क्षण निवडणे होय.

<b>मावळातील ठिकाणे</b>

देहू हे तुकोबांचे गाव असले तरी त्यांच्या चिंतनाच्या जागा भोवतालच्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर या तीन डोंगरांची नावे परंपरा घेते. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यास देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव ही स्थानके ओळीने लागतात. त्यांतील घोरावाडीचे नाव घोरावडेश्वराच्या लेण्यांची आठवण देते. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीच्या पुढे भंडारा डोंगर दिसू लागतो. माघ शुद्ध दशमी हा तुकोबांना गुरूपदेश झाल्याचा दिवस मानला जातो आणि त्या निमित्ताने भंडाऱ्यावर मोठा सोहळा भरतो. त्याच रस्त्यावरील सुदुंबरे येथे संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या टाळकऱ्यांत संताजींचे नाव आदराने घेतले जाते.

इंद्रायणीचा या अभंगांशी असलेला संबंध केवळ भूगोलाचा नाही. तुकोबांच्या वह्या याच नदीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. त्या प्रसंगाचा अर्थ कोणी चमत्कार म्हणून लावतो, तर कोणी लोकांच्या पाठांतरामुळे अभंग टिकले असा लावतो. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. हे शब्द एकदा हरवण्याच्या काठावर आले होते. तुकोबांच्या नावावरील साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत बाहेर पडली. आज देहूच्या गाथा मंदिरात ते भिंतींवर कोरलेले दिसतात. एवढ्या मोठ्या साठ्यातून एका तबकडीपुरते अभंग घ्यायचे म्हटले की, श्रोत्याच्या आधी संगीतकारालाच आवडनिवड करावी लागते.

<b>खळे यांची चाल, लताबाईंचा स्वर</b>

श्रीनिवास खळे (१९२६-२०११) हे मराठी सुगम संगीतातील अग्रगण्य संगीतकार. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताची चाल त्यांचीच. ते गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या चाली ऐकताना सोप्या आणि गाताना अवघड असतात, असे गाणारे सांगतात. शब्दाचा अर्थ जेथे वळतो तेथेच स्वर वळला पाहिजे, ही त्यांच्या चालींची शिस्त होती.

अभंगाला चाल लावण्यातली अडचण त्याच्या रचनेतच आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे आणि शेवटच्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड असल्याने ओळ एकदम थांबल्यासारखी होते. गायकाने एखादे अक्षर ओढून किंवा दाबून म्हटले तरी हा साचा मोडत नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात, त्यामुळे तो अधिक चपळ वाटतो. वारकरी भजनात हा साचा टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर आणि समूहाच्या आवाजावर तोलला जातो. ध्वनिमुद्रिकेत समूह मागे सरतो आणि एकटा स्वर उरतो. दिंडीत शेकडो कंठांनी म्हटलेला अभंग लताबाईंच्या आवाजात एका माणसाने एका देवाशी केलेले बोलणे होतो. हा बदल लक्षात घेतला नाही, तर निवड करताना गफलत होते.

भीमसेन जोशी यांनी गायिलेला ‘राजस सुकुमार’ हाही तुकोबांचाच अभंग. तेथे स्वर सभागृह भरून टाकतो. लताबाईंच्या गायनात स्वर आत वळतो. दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. पण ज्यांना तुकोबांच्या बोलण्यातील कळकळ, लाडिकपणा आणि एकटेपण ऐकायचे आहे, ते ‘अभंग तुकयाचे’कडे वळतात.

<b>भजनाचा क्रम आणि ध्वनिमुद्रिका</b>

निवड करण्यापूर्वी वारकरी भजनाचा क्रम ध्यानात घेणे उपयोगी ठरते. मावळातील गावोगावच्या भजनी मंडळांत जयघोषानंतर प्रथम ‘रूपाचा अभंग’ म्हटला जातो. देव डोळ्यांपुढे उभा केल्यावाचून त्याच्याशी बोलायचे कसे, हा त्यामागचा विचार. त्यानंतर नामाचे, विनवणीचे, उपदेशाचे अभंग येतात. पुढे गौळण आणि शेवटी भैरवी.

या क्रमात पाहिले असता ‘सुंदर ते ध्यान’ हा रूपाचा अभंग होय. विटेवरील मूर्ती, कमरेवरचे हात, तुळशीची माळ, पीतांबर आणि कानांतील कुंडले असे एकेक तपशील तुकोबा दाखवीत जातात. येथे मागणे जवळजवळ नाहीच, पाहणे आहे. ज्या श्रोत्याला गाण्यात शांतता हवी असते त्याची निवड बहुधा येथे थांबते.

‘अगा करुणाकरा’ हा विनवणीचा अभंग. त्यातील हाक तातडीची आहे. मदत आत्ता हवी, उद्या नको. ‘हाचि नेम आता’मध्ये हीच तगमग निश्चयात बदलते. निघालो ते निघालो, आता मागे वळणे नाही, असा त्याचा सूर आहे. ‘खेळ मांडियेला’ या दोहोंहून वेगळा. त्यात चंद्रभागेचे वाळवंट आहे, नाचणारे वैष्णव आहेत आणि एकमेकांच्या पाया पडताना गळून पडणारा जातीचा अभिमान आहे. या संचातील सर्वांत सामाजिक गाणे कोणते असे विचारल्यास उत्तर हेच येईल.

<b>लेकीची दोन गाणी</b>

निवडीच्या चर्चेत एक जोडी बहुधा दुर्लक्षित राहते. ‘कन्या सासुऱ्यासी’ आणि ‘भेटीलागी जीवा’ या दोन्ही अभंगांत तुकोबा लग्न झालेल्या मुलीच्या मनात शिरतात. पहिल्यात ती सासरी निघाली आहे आणि वळून मागे पाहते आहे. दुसऱ्यात ती सासरी रुळली आहे, दिवाळी जवळ आली आहे आणि माहेरचे ‘मूळ’ येण्याची ती वाट पाहते आहे. सासरच्या लेकीला सणासाठी आणायला माहेरहून जो माणूस पाठवितात, त्याला मूळ म्हणतात. आज शहरी घरांत हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तो न कळल्यास ‘भेटीलागी जीवा’तील सर्वांत हृद्य प्रतिमा हातून निसटते.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की एक कथा पूर्ण होते. निघताना मागे वळणारी तीच पुढे वाटेकडे डोळे लावून बसते. पहिली रचना लहान अभंगाची, घाईची आणि हुंदक्यासारखी तुटक. दुसरी मोठ्या अभंगाची, लांबलेल्या प्रतीक्षेसारखी. विरहाच्या दोन अवस्थांना दोन वेगळी छंदरूपे मिळाली आहेत. आईपासून दुरावलेले मूल, पाण्याबाहेर काढलेली मासोळी, चंद्राकडे पाहणारा चकोर या इतर प्रतिमाही या जोडीत येतात; परंतु त्या कवींच्या नेहमीच्या वापरातल्या आहेत. वळून पाहणारी मुलगी मात्र प्रत्येक गावाच्या वेशीवर दिसलेली असते. पुरुष कवीने देवाशी बोलताना स्वतःला लेकीच्या जागी ठेवावे आणि ते शब्द एका स्त्रीच्या कंठातून ऐकू यावेत, हा योग या ध्वनिमुद्रिकेने जुळवून आणला. या दोन गाण्यांना पसंती देणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असल्यास नवल नाही.

<b>‘वृक्षवल्ली’चा मान</b>

असे असले तरी सर्वाधिक ओठांवर असलेला अभंग ‘वृक्षवल्ली’ हाच आहे, याबद्दल दुमत होणार नाही. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत, वन विभागाच्या फलकांवर, शाळेच्या भिंतींवर त्याचे आरंभीचे शब्द वाचायला मिळतात. लोकप्रियतेची किंमतही त्याला मोजावी लागली. पहिल्या चारपाच शब्दांचे घोषवाक्य झाले आणि उरलेला अभंग मागे पडला.

मुळात हा अभंग झाडे लावण्याविषयी नाही. तो एकांताविषयी आहे. झाडे, वेली आणि वनातील प्राणी ही नातलग मंडळी होत, असे म्हणून तुकोबा आरंभ करतात. ‘सोयरे’ हा शब्द येथे विचारपूर्वक आला आहे. भाऊबंद जन्माने मिळतात. सोयरीक जोडावी लागते आणि जोडल्यावर तिचा मान राखावा लागतो. पुढे आकाशाचा मांडव होतो, भूमीचे बसणे होते, वेळ सांगण्याचे काम वारा करतो आणि हरिकथेचे जेवण निरनिराळ्या रुचींनी वाढले जाते. सोयरे, मांडव, बैठक, जेवणावळ असा हा सगळा थाट एखाद्या मंगलकार्याचा आहे. फक्त त्याला माणसे आलेली नाहीत. शेवटच्या चरणात तर बोलणारा आणि ऐकणारा एकच उरतो. आपलेच मन आपल्याशी बोलते आणि आपल्याशीच भांडते.

हा शेवट ऐकल्यावर आरंभीच्या पक्ष्यांचा आवाज वेगळा वाटू लागतो. तो निसर्गवर्णनातील किलबिलाट राहत नाही. गाव सोडून आलेल्या, दुष्काळात पोळलेल्या, संसारात सर्व काही हरलेल्या माणसाला मिळालेली ती सोबत आहे. खळे यांच्या चालीतील प्रसन्नता फसवी नाही, पण ती पूर्ण अर्थही नाही. लताबाईंच्या स्वरातील संथपणा शेवटी जेथे स्थिरावतो तेथे लक्ष दिले, तर गाण्याचे केंद्र सापडते.

तुकोबांनी कोणता अभंग कोठे रचला याची नोंद गाथा देत नाही. भाविक मन मात्र हा अभंग भंडाऱ्याच्या माथ्याशी जोडते. त्याच डोंगराची दुसरीही एक कथा सांगितली जाते. तुकोबा चिंतनात बसलेले असताना त्यांची पत्नी जिजाई भाकरी घेऊन उन्हात डोंगर चढत असे आणि एकदा तिच्या पायात काटा रुतला, तो प्रत्यक्ष विठ्ठलाने काढला. कथेतील देवाकडे सर्वांचे लक्ष जाते. रोजच्या चढाकडे कमी जाते. एकांताचे गाणे निवडणाऱ्याने त्या एकांताची भाकरी कोणी वाहून आणली, हेही आठवावे. लेकीची दोन गाणी आणि ‘वृक्षवल्ली’ येथे एकमेकांना भेटतात.

<b>निवडताना घ्यायची काळजी</b>

पहिली गोष्ट संहितेची. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे वीस-पंचवीस मिनिटांचीच जागा असे. त्यामुळे सुगम संगीतात अभंगातील काही चरण गाळण्याची पद्धत रूढ आहे. आवडलेला अभंग एकदा तरी गाथेत पूर्ण वाचावा. पुष्कळदा अर्थाचा कल बदलतो.

दुसरी गोष्ट कर्तृत्वाची. अभंगाच्या साच्यातील प्रत्येक गोड रचना तुकोबांची नसते. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांनी लिहिले. तरी ते तुकोबांचेच आहे असे असंख्यांना वाटत राहिले. आठवले यांच्या लेखणीचा तो गौरवच होय. परंतु तुकोबांचा आवडता अभंग सांगताना हे भान हवे.

तिसरी गोष्ट ऐकण्याच्या रीतीची. कॅसेटच्या काळात आवडते गाणे पुन्हा ऐकायचे तर ती उलटी फिरवावी लागे आणि अंदाज चुकला की मधले दुसरेच गाणे कानी पडे. अशा चुकांतून अनेकांना नवे आवडते गाणे सापडले. आज हवे ते गाणे एका स्पर्शात लागते. नको असलेले कधीच ऐकले जात नाही. म्हणून निवड करण्यापूर्वी संपूर्ण संच एकदा क्रमाने ऐकावा.

<b>गाणे आणि त्याची जागा</b>

या निवडीला मावळापुरता आणखी एक पदर आहे. तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर आता तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याने वेढलेले आहेत. २००८ मध्ये भामचंद्राजवळ शिंदे-वासुली येथे उभारल्या जाणाऱ्या डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्राला ग्रामस्थ आणि वारकऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि पुढे तो प्रकल्प तेथून मागे घेण्यात आला. लोणावळ्याच्या बाजूला पावसाळी सुट्यांत वाहनांच्या रांगा लागतात आणि कार्ले-भाजे परिसरातील शांततेला कर्ण्यांचा आवाज छेद देतो. कुरवंड्याला निर्मळ असणाऱ्या इंद्रायणीच्या पाण्यावर आळंदीत फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसला आहे.

अशा वेळी ‘वृक्षवल्ली’ला आवडते गाणे म्हणणे म्हणजे केवळ चालीला दाद देणे उरत नाही. सोयरीक मान्य केली की सोयऱ्यांचा मान राखणे आले. भंडाऱ्यावर जाऊन हे गाणे मोठ्या आवाजात लावणारा श्रोता गाण्याचाच अर्थ बुडवितो. तेथे ते न लावता थोडा वेळ बसणे, हे अधिक खरे ऐकणे ठरेल.

<b>अखेर कोणता?</b>

एकच नाव द्यायचे तर ते ‘वृक्षवल्ली’चेच द्यावे लागेल. मात्र ते फलकावरच्या ओळीसाठी नव्हे, तर शेवटच्या चरणासाठी. मावळच्या मातीशी जडलेले नाते, मंगलकार्याची सलग प्रतिमा आणि स्वतःशी होणाऱ्या वादाची प्रामाणिक कबुली या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला दुसरा अभंग या संचात नाही. त्याच्या खालोखाल ‘कन्या सासुऱ्यासी’ आणि ‘भेटीलागी जीवा’ ही जोडी ठेवावी. पण ती जोडी म्हणूनच ऐकावी.

ज्यांना ही निवड मान्य नसेल त्यांच्यासाठी याच संचातील ‘कमोदिनी काय जाणे’ हा अभंग आहे. फुलाला स्वतःचा सुगंध कळत नाही, तो भुंग्याला कळतो. तसेच देवाला आपल्या नामाची गोडी ठाऊक नाही, ती भक्तालाच ठाऊक, असे तुकोबा त्यात देवाला ऐकवितात. गाण्याचेही तसेच असावे. त्याचा परिमळ कोणता हे अखेर ऐकणाराच सांगू शकतो. त्यासाठी आधी संपूर्ण फुलापर्यंत जावे लागते एवढेच.